न आखलेला रकाना

माझ्या बायकोच्या प्रयोगशाळेतून मी चार वस्तू घरी आणल्या. वाचायचा चष्मा, राखाडी शाल, टेबलावरचं कॅलेंडर आणि स्टीलचं तांब्या-भांडं. तिला जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. विभागातले लोक सभ्य, कोणी घाई केली नाही. पण एक टेबल किती दिवस अडवून ठेवायचं, म्हणून थंडी ओसरायच्या आत मीच गेलो. तिच्या विद्यार्थिनीने सामान खोक्यात भरून ठेवलं होतं. तांब्या त्यात नव्हता. तो काचेच्या दारांच्या कपाटात, खालच्या फळीवर होता. मी बोट दाखवून मागून घेतला. तिने आतलं पाणी बाहेरच्या सदाफुलीच्या कुंडीत ओतलं, तांब्या ओढणीने पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

तांब्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव आणि आमच्या लग्नाची तारीख कोरलेली आहे. अक्षरं ठिपक्याठिपक्यांची, घासून घासून अर्धी गेलेली. रत्नागिरीहून लग्नात आलेली बहुतेक भांडी बदल्यांमध्ये कुठे कुठे राहिली, हा टिकला. विद्यापीठातल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो तिने पिशवीत घातला, तेव्हा मी हसलो होतो.

"विद्यापीठात पाणी मिळत नाही वाटतं?"

"मला मिळेल हो. बाहेरून उन्हातून येईल त्याला कोण देईल? आलेल्याला पाणी विचारायचं नसतं, पुढे ठेवायचं असतं."

घरी आणल्यावर मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवू लागलो. सकाळी उठून कालचं पाणी झाडांना घालायचं, ताजं भरायचं. कालचं पाणी बहुतेक तेवढंच असायचं. आम्हाला मूल नाही. मी विम्याच्या कचेरीत होतो, बदलीने जयपूरला आलो, आणि तिचं काम इथे रुजलं म्हणून पुढच्या बदलीच्या वेळी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कॉलनीतली मराठी घरं एकेक करून पुण्याला किंवा मुलांकडे गेली. पहिला महिनाभर शेजारचे लोक येत होते. नंतर येण्यासारखं काही कारण उरलं नाही.

तिचं काम मला जेवताना ऐकून ऐकून माहीत झालं होतं. माझं शिक्षण साहित्याचं. त्यामुळे ती सांगायची तेही मला समजेल अशाच भाषेत. काचेच्या नखाएवढ्या तुकड्यावर सोन्याच्या दोन बारीक पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये एका सेंद्रिय पदार्थाचं निळसर काळं पटल. प्लास्टिकच्या कुळातला, पण वीज वाहून नेणारा पदार्थ. साध्या तारेतून किती वीज जाईल हे तुम्ही आत्ता किती जोर लावता त्यावर ठरतं. या तुकड्यातून किती जाईल हे यापूर्वी किती गेली होती त्यावरही ठरतं. त्याला मेमरिस्टर म्हणतात. असे पुष्कळ तुकडे जोडून मेंदूसारखं शिकणारं मंडल बांधता येईल, म्हणून जगभर लोक त्यामागे लागलेले आहेत.

"म्हणजे त्याला आठवतं?" मी विचारलं होतं.

"मोजडीला आठवतं तेवढं." त्या दिवशी तिने बापू बाजारातून घेतलेली नवी मोजडी पायात होती आणि टाचेला फोड आला होता. "आज चावतेय. रोज घातली की पायाचं वळण घेईल. महिनाभर कोपऱ्यात टाकली की पुन्हा ताठ. माझा तुकडा तसाच. विजेचे छोटे छोटे ठोके देत राहिलं की वाट मोकळी होत जाते. ठोके थांबवले की हळूहळू विसरतो. सावकाश, मध्ये वेळ सोडून दिले तर जास्त दिवस लक्षात ठेवतो."

"माझ्यापेक्षा बरा आहे."

"तुमच्यावर मी पेपर लिहिला नाही, हे नशीब समजा."

तुकडा चांगला आहे की नाही हे एका आलेखावरून कळायचं. विजेचा दाब हळूहळू वाढवायचा आणि तसाच कमी करत आणायचा. साध्या वस्तूत जाताना जी रेघ उमटते, येताना तीच. हिच्या तुकड्यात येतानाची वाट वेगळी असायची. मध्ये शून्यावर चिमटलेली आणि दोन्ही बाजूंना फुगलेली, एका देठाला दोन पानं असावीत तशी. तिच्या कागदांवर वर्षानुवर्षं ती दोन पानं होती, उन्हाळ्यात, थंडीत, सारखीच.

एप्रिलच्या सुरुवातीला, एका दुपारी, तिची विद्यार्थिनी घरी आली. ही मुलगी जयपूरच्याच झोटवाड्याची. वडिलांचं पंख्या-पंपांच्या जळलेल्या मोटारी बांधून देण्याचं छोटं दुकान आहे. तांब्याच्या तारा गुंडाळत मोठी झाल्यामुळे हिचा हात इतका हलका, असं बायको म्हणायची. मुलगी बोलते हिंदीत. मी इथे मराठीत लिहितो आहे. तिने ओढणी सोडवून तोंडावरची धूळ पुसली. मी भांड्यात पाणी ओतून पुढे ठेवलं.

"हा मॅमचा लोटा," ती म्हणाली, आणि सगळं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

मग पिशवीतून तिने वह्या काढल्या. बायकोच्या प्रयोगाच्या पाच वह्या.

"अंकलजी, यात मराठीत काही काही लिहिलंय. देवनागरी मी वाचते, अर्थ अंदाजाने लागतो. पण काही सुटत असेल. कुठली तरी एखादी पायरी. तुम्ही बघाल?"

"कशासाठी?"

तिने सांगितलं ते असं. फेब्रुवारीपासून तिचे सगळे तुकडे विसरायला लागले होते. विसरायला म्हणजे, त्यांना मुळात काही आठवतच नव्हतं. जातानाची आणि येतानाची रेघ एक. नवे तुकडे केले, तेच. मॅमने स्वतः 'उत्तम' अशी चिठ्ठी लावलेले जुने तुकडे डबीतून काढून पाहिले, तेही तसेच. यंत्र तपासून झालं, तारा बदलून झाल्या. प्रबंधातली दोन प्रकरणं याच मोजमापांवर उभी होती.

"विभागप्रमुख काय म्हणतात?"

ती भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "म्हणाले, डेटा फार सुंदर होता. जरा जास्तच सुंदर."

मला ते कळायला दोन क्षण लागले. मग कळलं, आणि मी उठून विनाकारण खिडकी लावली.

"तुला काय वाटतं?" मी पाठमोरा असतानाच विचारलं.

"मी तिथे असायचे, अंकलजी. काही आलेख मी स्वतः घेतलेत. पण मॅमनंतर एकही येत नाही. मी लोकांना काय सांगू?"

ती गेल्यावर वह्या तशाच टेबलावर राहिल्या. दोन दिवस मी त्यांना हात लावला नाही. बायको गेली हे मी कसंबसं सहन करत होतो. पण तिने केलेलं खोटं ठरेल, निदान कोणी तसं हसून म्हणेल, आणि त्याला उत्तर द्यायला ती नसेल, याची मला भीती वाटू लागली. तिला तीस वर्षांत मी एक गोष्ट वाढवून सांगताना ऐकलं नव्हतं. भाजी बिघडली तर 'बिघडली' म्हणायची. पण हे विभागप्रमुखांना सांगून काय उपयोग.

तिसऱ्या दिवशी वह्या उघडल्या. जुनं पुस्तक वाचावं तशा पहिल्या पानापासून वाचल्या. तिचं अक्षर उजवीकडे झुकलेलं. इंग्रजी आकडे, इंग्रजी शब्द, आणि त्या दिवसाच्या कामाशी संबंध नसलेलं सगळं मराठीत, तळाशी, बारीक. 'आज आंधी. दारातून धूळ. कपाटाच्या दारांना रबराची पट्टी लावून घेतली.' 'हे येऊन गेले, डबा विसरले होते मी.' चूक झाली तिथे खाडाखोड नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर आकडा व सही. हे ती सगळ्यांना शिकवायची. चूक झाकायची नाही, ती दिसत राहिली पाहिजे. घरी वाण्याच्या यादीतही ती तशीच रेघ मारायची, आणि मी त्यावरून तिला चिडवायचो.

जवळजवळ रोजच्या नोंदीखाली एक ओळ होती. 'कपाट पुसलं. पाणी भरलं. दार लावलं.' मी ती वाचत होतो आणि पुढे जात होतो. मुलीनेही तसंच केलं असणार. देवाजवळचा दिवा लावल्याची कोणी नोंद ठेवावी, तशी ती ओळ होती.

चार दिवस गेले. काही सापडलं नाही. मग मला माळ्यावरची तिची लग्नाआधीची वही आठवली, रत्नागिरीला कॉलेजात शिकवत असताना तिने पीएचडीच्या कामासाठी ठेवलेली. खरं तर ती मी प्रयोगासाठी नाही, तिचं तेव्हाचं अक्षर बघायला काढली. पानांना अजून बुरशीचा वास होता. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, तापमान, आणि त्याच्या शेजारी आखलेला आणखी एक रकाना: दमटपणा.

जयपूरच्या वह्यांमध्ये हा रकाना नव्हता. मी पहिली जयपूरची वही पुन्हा उघडली. पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, जिथे मी आधी थांबलो नव्हतो, तिथे मराठीत लिहिलं होतं: 'दमटपणाचा रकाना इथे नको. इथे पापड उघडे राहतात.'

मी हसलो. घरात बऱ्याच दिवसांत आवाज झाला नव्हता, तो माझा मलाच मोठा वाटला. रत्नागिरीच्या दमटपणाने तिला किती छळलं होतं ते मला ठाऊक होतं. मीठ भांड्यात पाझरायचं, काड्यापेटी चुलीजवळ ठेवावी लागायची, यंत्रांच्या खिळ्यांना गंज. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात ती पापडाचा डबा उघडा टाकून दोन दिवस मुद्दाम बघत बसली होती, एकही पापड सादळला नाही, आणि मग जिंकल्यासारखी म्हणाली होती, "सुटले हो मी." सुटलेल्या गोष्टीचा रकाना कोण आखतं?

हसू ओसरलं तेव्हा माझ्यासमोर टेबलावर तांब्या होता. पाणी भरलं. दार लावलं. आणि त्या दाराला आंधीसाठी लावलेली रबराची पट्टी. टेबलावर पाणी ठेवायचं नाही असा प्रयोगशाळेचा नियम, म्हणून तांब्या कपाटात. आणि धूळ नको म्हणून तुकडा मोजायची पेटीही त्याच कपाटात, वरच्या फळीवर. आत धूळ येणारच नाही, तेव्हा तांब्यावर भांडंही उपडं घालायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं ती त्या बंद कपाटात रोज एक छोटी रत्नागिरी भरून ठेवत होती, आणि तिला ते माहीत नव्हतं.

आणि तो तांब्या मी बोट दाखवून मागून आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पिशवीत घालून सिटी बसने निघालो. बाईने मांडीवर बाळ धरावं तसा धरला होता, म्हणून कंडक्टरने दोनदा पाहिलं. मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून ठेवलेली शांतता होती.

"अंकलजी, पाणी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा शत्रू. आम्ही तर पहिल्या दिवशी हेच शिकतो."

"असेल. पण माझ्यासाठी एकदा कर."

"करते. तुम्ही एवढ्या उन्हातून आलात." मग जरा हसून, "मॅमपण अशाच ऐकायच्या नाहीत."

कपाटाच्या खालच्या फळीवर पांढरट वर्तुळ होतं, इथल्या खाऱ्या पाण्याचं, बुडाएवढं. तिने तांब्या भरून बरोबर त्यावर ठेवला. वरच्या पेटीत मॅमचा चिठ्ठीवाला तुकडा लावला. दार लावलं. आधीची रेघ मला दाखवली: एकच, सरळ, पट्टीने ओढावी तशी. "आता उद्यापर्यंत राहू दे," ती म्हणाली. मी घरी आलो आणि दिवसभर काहीही वाचू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ती खुर्चीत नव्हती, उभी होती. तिने बटण दाबलं. पडद्यावर एक ठिपका तिरका वर चढत गेला. टोकाला पोचून वळला. आणि येताना त्याने दुसरी वाट धरली. आधी अगदी जवळून, मग फाकत फाकत. खालच्या बाजूलाही तसंच. दोन पानं.

आम्ही दोघं बघत राहिलो. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. प्रत्येक वेळी पान थोडं रुंद होत होतं, त्याला आधीचं आठवत होतं. तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. मी खिडकीकडे गेलो. बाहेर सदाफुली सुकली होती. तिला कालचं पाणी घालणारं कोणी नव्हतं.

नंतरचा आठवडा तिने नीट तपासण्यात घालवला. तांब्या काढला, दार लावून ठेवलं, तीन दिवसांत पानं मिटत मिटत रेघ झाली. तांब्या ठेवला, पुन्हा उमलली. तिने मला कागदावर समजावलं. त्या पटलात वीज वाहून नेणारे दोन प्रकारचे प्रवासी असतात. एक चपळ, ते येतात आणि जातात. दुसरे जड, हळू सरकणारे. ते जिथे सरकून थांबतात तीच तुकड्याची आठवण. हवेतलं थोडं पाणी पटल पिऊन घेतं, त्या ओलीत जड प्रवाशांना सरकता येतं. कोरड्या हवेत ते जागच्या जागी चिकटून बसतात. चपळ तेवढे धावत राहतात, आणि मागे काही ठेवत नाहीत.

"म्हणजे तिचे आलेख खरे," मी म्हणालो.

"शंभर टक्के खरे. कपाट बारा महिने सारखंच ओलसर, म्हणून आलेखही सारखे. म्हणून जास्त सुंदर." ती थांबली. "पण अंकलजी, मॅमच्या पेपरात लिहिलंय की हा गुण पटलाचा स्वतःचा आहे, बाहेरच्या हवेशी संबंध नाही. ते चूक आहे. मला प्रबंधात लिहावं लागेल."

मला हे आधीच सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं. मी पानं उमलली एवढ्यावरच थांबलो होतो.

"लिहायलाच हवं?" मी विचारलं. विचारताना माझी मलाच लाज वाटली, तरी विचारलं. "नुसतं, पाण्याने जास्त चांगलं होतं, असं नाही लिहिता येणार?"

मुलीने टेबलावरची वही उघडली, उगाचच, हातांना काही काम हवं म्हणून. उघडलेल्या पानावर एका आकड्यावर एक सरळ रेघ होती, शेजारी बरोबर आकडा, आणि माझ्या बायकोची सही.

"एकच रेघ मार," मी म्हणालो. "खालचं वाचता आलं पाहिजे."

"हो," ती म्हणाली. "तसंच करते."

तिने तेव्हाच नव्या वहीत मोजमापांचे रकाने आखले. तारीख, वेळ, तापमान. मग पट्टी सरकवून आणखी एक. त्यावर देवनागरीत 'दमटपणा' लिहिलं आणि बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे पाहिलं. नंतर तिने प्रबंधातलं ते वाक्य मला फोनवर वाचून दाखवलं. मॅमची नोंद प्रत्येक ठिकाणी बरोबर आहे. कारण देताना एक गोष्ट राहून गेली होती, ती प्रयोगशाळेतच होती. मी तिला दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

मे महिन्यात मी तांब्या परत आणायला गेलो. आता कपाटात एका छोट्या वाटीत मिठाचं घट्ट पाणी होतं, त्याने हवेतली ओल हवी तेवढीच आणि ठरलेली राहते. शेजारी दमटपणा मोजायचं छोटं यंत्र. तांब्या घासून, पालथा घालून ठेवलेला होता. मी पिशवी उघडली.

"अंकलजी," ती म्हणाली, "ठेवू का इथे?"

"आता प्रयोगाला नको ना?"

"प्रयोगाला नको. कोणी उन्हातून आलं तर."

मी पिशवी मिटली. मग तिने तांब्या भरला, बाहेर व्हरांड्याच्या खिडकीत ठेवला, आणि धूळ असते म्हणून वर भांडं उपडं घातलं. सदाफुलीला खालून नवी पानं फुटली होती. तिने मला पाणी दिलं. मी उभ्यानेच प्यायलो.

बसमध्ये पिशवी फार हलकी लागत होती, तिची घडी करून खिशात ठेवली. घरी आलो तेव्हा टेबलावर काही नव्हतं. कपाटातून एक ग्लास काढला, नळाखाली धरला, आणि तो भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.